लाइन गेली-आली की घरच्या सर्व्हरवरचं फोल्डर गायब: दर वेळी का होतं आणि कायमचं कसं थांबवायचं

‘भाऊ, कालपर्यंत चालू होतं, आज फोल्डर दिसूनच नाही राह्यलं.’ गावात ज्याच्या ज्याच्या घरी फाईल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाईली एका जागी ठेवून घरभर वाटणारा संगणक, बसवून दिला, त्याच्याकडून कधी ना कधी हे वाक्य ऐकू येतंच. चौकशी केली की बहुतेक वेळा आदल्या रात्री लाइन गेलेली असते. मग राउटर बंद-चालू, सर्व्हर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू असं करता करता कधीतरी फोल्डर उघडतं आणि विषय तिथेच सुटतो. पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा तेच.

हा बिघाड परत परत येतो, कारण दोष सहसा कुठल्या एका यंत्रात नसतो. लाइन आली की राउटर, सर्व्हर, डिस्क सगळे एकाच क्षणी सुरू होतात आणि प्रत्येकाला तयार व्हायला वेगळा वेळ लागतो. फायबरच्या डब्याला, म्हणजे राउटरला, दोन-तीन मिनिटं सहज लागतात. एसएसडी टाकलेला सर्व्हर अर्ध्या मिनिटात उठून बसतो. यूएसबीची डिस्क आपली मध्येच कधीतरी फिरू लागते. ज्या दिवशी हा क्रम जुळतो त्या दिवशी सगळं ठीक, नाही जुळला तर फोल्डर नाही. म्हणून इलाज एकच: प्रत्येकाची जागा पक्की करायची, आणि सर्व्हरला बाकीच्यांसाठी थांबायला शिकवायचं.

आमच्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या गावांत नेहमी दिसते ती मांडणी मी इथे धरली आहे. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स, फाईली वाटायला सांबा हे सॉफ्टवेअर, यूएसबीने लावलेली एक-दोन टीबीची डिस्क, फायबरवाल्याने दिलेला वाय-फायचा डबा, दोन-तीन विंडोज लॅपटॉप आणि घरातले मोबाईल. समोरच्या खोलीत सेवा केंद्र असेल तर सातबारा, आठ-अ, पीक विम्याच्या पावत्या स्कॅन होऊन याच डिस्कवर पडतात. घरात कुणी लग्नाचे फोटो काढत असेल तर एकेका लग्नाचे ढीगभर जीबी. रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, वापरत असाल तरी यातलं बहुतेक लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी काहीच बंद-चालू करू नका

फोल्डर उघडत नसेल तेव्हा पहिली पाच मिनिटं फक्त बघा. बंद-चालू केलं की पुरावा जातो, आणि नेमकं काय झालं होतं ते पुढच्या वेळेपर्यंत कळत नाही.

सर्व्हरचा दिवा लागलेला आहे का, पंखा फिरतो आहे का, ते बघा. लागलेला असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्व्हरच्या आयपी पत्त्याला, म्हणजे नेटवर्कमधल्या त्याच्या क्रमांकाला, पिंग करा, म्हणजे हाक मारून तो उत्तर देतो का ते बघा. उत्तर आलं नाही तर भानगड पत्त्याची किंवा नेटवर्कची आहे. उत्तर आलं तर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे तिरके दांडे आणि पुढे तोच पत्ता टाका, म्हणजे \\१९२.१६८.१.१० असा. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना ते इंग्रजीच टाका. अशाने फोल्डर उघडलं तर बिघाड फक्त नावाचा आहे. पासवर्ड मागून नाकारलं तर खात्याचा. आणि फोल्डर उघडलं पण आत काहीच नाही, तर डिस्कचा. हा शेवटचा प्रकार सगळ्यात घातक आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

सर्व्हर उठलाच नाही

डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते. कुठे तिचं नाव ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, कुठे ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’. ती ‘पॉवर ऑन’ वर ठेवा. एवढं बहुतेक जण करतात. तरी काही महिन्यांनी सर्व्हर उठेनासा होतो, आणि त्याचं कारण फार थोडे बघतात: मदरबोर्डवरचा सेल.

जुन्या डेस्कटॉपमधला सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. भिंतीतून वीज मिळत असते तोवर काही जाणवत नाही. रात्रभर लाइन गेली की बायोस सगळं विसरतं. तुम्ही लावलेली ‘पॉवर ऑन’ सेटिंगही जाते आणि तारीखही कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसते. कधी मशीन सुरू होतं, पण ‘एफ१ दाबा’ असं पडद्यावर लिहून तिथेच थांबतं. सर्व्हर कोपऱ्यात बिनमॉनिटरचा पडलेला, त्यामुळे ते कुणाला दिसत नाही. दिवा लागलेला, पंखा फिरतो आहे आणि पिंगला उत्तर नाही, असं असेल तर एकदा मॉनिटर जोडून बघाच. प्लग काढा, सेल बदला, अधिकची बाजू वर राहील असं बघा आणि बायोसमधल्या सेटिंग पुन्हा लावा.

तारीख चुकल्याचा आणखी एक त्रास असा की त्या काळात साठवलेल्या फाईलींवर जुन्या वर्षाचा शिक्का पडतो. नवीन फाईल वर दाखवा असं लावलेलं असेल तर त्या पार तळाशी जातात, आणि सेवा केंद्रात बसलेल्या माणसाला वाटतं की स्कॅन सेव्हच झालं नाही. इंटरनेट आलं की लिनक्स वेळ दुरुस्त करतं, पण लाइनसोबत नेटही गेलेलं असेल तर ते लगेच होत नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळच नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते.

पायचं मुख्य दुखणं मात्र अडॅप्टरचं. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात आणि त्याच्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. मोबाईलचा चार्जर लावून वर डिस्कही त्याच्याच जिवावर चालवली, तर डिस्क मध्येच सुटते. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क घ्या किंवा वीज पुरवणारा यूएसबी हब लावा.

पत्ता बदलला

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो आणि कोणाला कोणता दिला याची नोंद ठेवतो. बरेच घरगुती डबे वीज गेली की ही नोंद विसरतात. मग यष्टीत आधी चढेल त्याला जागा, तसा कारभार होतो: कालपर्यंत सर्व्हरचा असलेला पत्ता आज वहिनींच्या मोबाईलला मिळतो. लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो आणि विंडोज ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ म्हणून ०एक्स८००७००३५ हा कोड दाखवतं. सर्व्हर राउटरच्या आधी उठला आणि पत्ता द्यायला कुणी नसलं, तर कधी तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. असा पत्ता दिसला तर समजायचं की त्या यंत्राला राउटर भेटलेलाच नाही.

यावर दोन उपाय सांगितले जातात. पहिला, राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासाठी, आयपी राखून ठेवणे. मेनूत याला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक डीएचसीपी’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ म्हणतात. दुसरा, सर्व्हरवरच पत्ता हाताने पक्का करणे. शहरात पहिला सोयीचा आहे. गावात मी दुसराच करतो. आपल्याकडे फायबरच्या तक्रारीला माणूस आला की तो सरळ डबा रिसेट करतो किंवा बदलून देतो, आणि राखलेला पत्ता त्यासोबत जातो. सर्व्हरवर पक्का केलेला पत्ता डबा रिसेट झाला तरी राहतो. शिवाय राउटर उठायच्या आधी सर्व्हर उठला तरी त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही.

फक्त हा पत्ता राउटरच्या वाटपाच्या बाहेरचा हवा. राउटर १९२.१६८.१.१०० ते १९९ वाटत असेल तर सर्व्हरला १९२.१६८.१.१० द्या. वाटप २ पासूनच सुरू होत असेल तर राउटरच्या पानावर जाऊन त्याची सुरुवात १०० वर न्या. हे न करता मधलाच एखादा आकडा धरला तर एके दिवशी तोच आकडा मोबाईललाही मिळेल, आणि मग फोल्डर घडीत उघडेल, घडीत बंद पडेल. असा अर्धामुर्धा बिघाड शोधायला फार त्रास देतो.

नवा डबा आला की त्याची मालिकाच वेगळी असू शकते, १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.० किंवा आणखी काही. तेव्हा पक्का केलेला पत्ताही निकामी ठरतो. म्हणून सर्व्हरच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा: सर्व्हरचा पत्ता, राउटरचा पत्ता, मॅक पत्ता, आणि डिस्क कुठे चढते त्या फोल्डरचं नाव. नवा डबा बसवणाऱ्याला त्याची मालिका जुन्यासारखी करून द्यायला सांगा; त्याच्या दृष्टीने ते दोन मिनिटांचं काम आहे.

सांबाच्या सेटिंगमध्ये ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’, म्हणजे ठरावीक जोडण्यांवरच उत्तर द्यायची अट, सुरू केलेली असेल तर तेही एकदा तपासा. अनेक ठिकाणी ही ओळ सुरक्षेसाठी म्हणून सुचवलेली असते. पण सांबा सुरू होतो तेव्हा नेटवर्क आलेलं नसेल, तर या ओळीमुळे तो दाराशीच अडतो आणि नेटवर्क आलं तरी कुणाला उत्तर देत नाही. घरगुती वापरात ती ओळ नसली तरी चालतं. इंटरनेटकडून येणारी वाट राउटर अडवतोच. एक मात्र लक्षात ठेवा, राउटरमध्ये ४४५ हा पोर्ट, म्हणजे सांबाचं दार, बाहेरच्यांसाठी कधीही उघडू नका, कुणी कितीही सोय सांगितली तरी.

घरात दोन वाय-फाय असतील तर

वाड्यासारखं लांब घर असलं की मागच्या खोलीसाठी दुसरा राउटर घेतला जातो, आणि तो फायबरच्या डब्याला ‘वॅन’, म्हणजे इंटरनेटसाठीच्या, तोंडातून जोडला जातो. मग घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. आतल्या राउटरवरचा माणूस बाहेरच्या डब्यावरचा सर्व्हर पत्ता टाकून उघडू शकतो, पण सर्व्हर आतल्या राउटरवर असेल तर बाहेरच्या डब्याच्या वाय-फायवरून तो सापडत नाही. लाइन आल्यावर लॅपटॉप ज्याचं वाय-फाय आधी दिसेल ते पकडतो, म्हणून कधी फोल्डर दिसतं, कधी नाही. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ मध्ये टाका. तशी सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याला मालिकेतला एक मोकळा पत्ता द्या आणि केबल ‘लॅन’ तोंडात घाला. घर एका नेटवर्कवर आलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

मोबाईलवाल्यांची तक्रार वेगळी असते. लाइन आलेली असते, वाय-फायही असतं, पण फायबर तुटलेलं म्हणून इंटरनेट नसतं. अँड्रॉइड म्हणतो या वाय-फायवर इंटरनेट नाही, आणि गुपचूप मोबाईल डेटावर जातो. घरचा सर्व्हर तिथून कसा सापडणार? अशा वेळी ‘या नेटवर्कशी जोडलेले राहा’ असं विचारलं तर हो म्हणा, नाहीतर तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद करा. घरातल्या घरात फाईली वाटायला इंटरनेट लागत नाही, हे घरच्यांना एकदा नीट समजावून सांगा. नेट गेलं म्हणून सर्व्हरही गेला असं समजून लोक काम थांबवून बसतात.

‘नेटवर्क’ मधल्या यादीवर विसंबू नका

पत्ता टाकून फोल्डर उघडतं पण फाईल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ मध्ये सर्व्हर दिसत नाही, ही बिघाडाची खूण नाही. ती यादी पूर्वी एसएमबी या फाईली वाटायच्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीच्या आधारावर चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस त्याच आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला, आणि त्या वर्षाअखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती आपणहून पूर्ण बसवली जात नाही. सांबानेही २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून ती आपणहून बंद ठेवली आहे. यादीत दिसावं म्हणून ती परत सुरू करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सर्व्हरवर ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचं छोटं पॅकेज टाका, विंडोजच्या यादीत नाव येऊ लागतं.

जुन्या राउटरच्या पाठीत पेनड्राइव्ह लावून फाईली वाटणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. त्यातले बरेच राउटर पहिलीच आवृत्ती बोलतात. तिथे दुरुस्ती शोधण्यात वेळ घालवू नका, जुना डेस्कटॉप बरा.

रोजच्या वापरासाठी ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करताना नावाऐवजी पत्ता टाका. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या त्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते ती वाय-फाय जोडायच्या आधी विंडोजने शोधाशोध केल्यामुळे. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ड्राइव्ह उघडतो.

फोल्डर उघडतं, पण आत काही नाही

इथे घाई करू नका आणि कुणालाही त्या फोल्डरमध्ये काही टाकू देऊ नका.

लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर ‘चढवली’ जाते, म्हणजे माउंट होते. समजा ते फोल्डर ‘एसआरव्ही’ च्या आत ‘घर’ या नावाचं आहे. डिस्क चढली की त्यात तुमच्या फाईली दिसतात. डिस्क चढली नाही तरी ‘घर’ हे फोल्डर असतंच, फक्त रिकामं, आणि ते सर्व्हरच्या आतल्या छोट्या डिस्कवर असतं. सांबाला यातला फरक कळत नाही. तो रिकामं फोल्डर तितक्याच आनंदाने वाटतो.

शेजारच्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मुलाच्या घरी हेच झालं. रात्री वादळात लाइन गेली, पहाटे आली. सर्व्हर उठला, पण डिस्क चढली नाही. सकाळी त्याने कॅमेऱ्याचं कार्ड लावून हळदीचे सगळे फोटो त्या फोल्डरमध्ये टाकले आणि कार्ड पुसून लग्नाला गेला. संध्याकाळी कुणीतरी सर्व्हर बंद-चालू केला. या वेळी डिस्क चढली. जुनी लग्नं सगळी दिसत होती, हळद तेवढी नव्हती. घरात रडारड व्हायची वेळ आली. ते फोटो कुठेच गेले नव्हते: आतल्या डिस्कवरच्या ‘घर’ मध्ये होते, आणि वरून मोठी डिस्क चढल्यामुळे झाकले गेले होते. सांबा थांबवला, डिस्क उतरवली, आणि खाली सगळी हळद जशीच्या तशी. तुमच्याकडे ‘फाईल टाकली होती पण गेली’ असं कुणी म्हणत असेल तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरकडे वळायच्या आधी डिस्क उतरवून खाली बघा.

हे परत होऊ नये म्हणून तीन गोष्टी करायच्या.

डिस्क ‘एसडीबी१’ अशा नावाने चढवू नका. लाइन आल्यावर डिस्क कोणत्या क्रमाने सापडते त्यावर ते नाव बदलू शकतं. ‘बीएलकेआयडी’ कमांड देऊन तिचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, घ्या आणि ‘ईटीसी’ मधल्या ‘एफएसटॅब’ फाईलीत, म्हणजे कोणती डिस्क कुठे चढवायची त्या यादीत, तोच लिहा. त्याच ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय टाका. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर लिनक्स दीड मिनिट वाट बघून ‘इमर्जन्सी मोड’ मध्ये जाऊन पासवर्ड मागत बसतं. म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिनही करता येत नाही. डिस्क फिरायला वेळ घेणारी असेल तर त्याच ओळीत ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ देऊन मुदत दोन मिनिटं करा.

पण ‘नोफेल’ टाकलं की सर्व्हर डिस्कशिवाय पुढे जातो, आणि रिकाम्या फोल्डरचा धोका तिथूनच सुरू होतो. म्हणून दुसरी गोष्ट: सांबाला डिस्कची वाट बघायला लावा. ‘सिस्टमसीटीएल एडिट एसएमबीडी’ ही कमांड रूटच्या, म्हणजे लिनक्समधल्या मुख्य खात्याच्या, हक्काने द्या आणि युनिट या विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ ही ओळ टाकून बरोबरच्या खुणेपुढे तुमच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहा. हा इंग्रजी शब्द सलग लिहायचा, आर, एम आणि एफ ही अक्षरं मोठी. आता डिस्क चढली तरच सांबा सुरू होईल. डिस्क चढली नाही तर फोल्डर उघडणारच नाही. मला विचाराल तर रिकामं फोल्डर उघडण्यापेक्षा बंद फोल्डर हजार पटीने चांगलं, कारण बंद फोल्डर बघून माणूस विचारतो तरी.

तिसरी गोष्ट दुहेरी कुलपासारखी म्हणून करा. डिस्क उतरवलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर’ कमांडने अधिक-आय ही खूण लावा. मग डिस्क नसताना त्यात कुणालाच काही लिहिता येत नाही, रूटलाही नाही. डिस्क चढल्यावर तिच्यावर लिहायला मात्र काही अडचण येत नाही.

आता डिस्क मुळात चढत का नाही? बहुतेक वेळा ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, असते, दुकानातून आणली तशीच लावलेली. लिहिता लिहिता वीज गेली की तिच्यावर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहते, आणि लिनक्स अशी डिस्क चढवायला नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरती चढवतं. जबरदस्तीने चढवायचे पर्याय आहेत, ते वापरू नका. डिस्क विंडोज लॅपटॉपला लावून चेकडिस्क चालवा, नीट ‘इजेक्ट’ करून काढा, मग परत लावा. कायमचा उपाय म्हणजे फाईली दुसरीकडे काढून डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करणे. ती जर्नल, म्हणजे चालू असलेल्या बदलांची नोंदवही, ठेवते आणि अचानक वीज गेल्यावर बहुतेक वेळा स्वतःच सावरते. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही ही भीती इथे गैरलागू आहे, कारण लॅपटॉप ती डिस्क नेटवर्कवरूनच बघतात.

दर दोन-तीन महिन्यांनी ‘स्मार्टसीटीएल’ ने डिस्कची तब्येत बघा. १९७ क्रमांकाच्या नोंदीत शून्याऐवजी आकडा दिसू लागला तर डिस्क थकते आहे, नवी आणायची तयारी करा. १९९ चा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा.

पासवर्ड बरोबर असून नाकारतो

सांबाचा पासवर्ड आणि लिनक्सचा पासवर्ड वेगळे असतात. लिनक्समध्ये खातं उघडलं तरी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडला उणे-ए लावून सांबात त्या खात्याची भर घालावी लागते.

बिनपासवर्डचं, म्हणजे ‘गेस्ट’ फोल्डर बरीच वर्षं चाललं आणि नवीन लॅपटॉप आल्यावर अचानक बंद पडलं, तर तो सर्व्हरचा दोष नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो वापरणाऱ्यांसाठी गेस्ट प्रवेश बंद केलेला आहे आणि जोडणीवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची आहे; पासवर्ड नसेल तर स्वाक्षरी होत नाही. विंडोजमध्ये ही सक्ती काढता येते, पण सेवा केंद्राच्या कागदांत लोकांचे आधार, बँक पासबुक असतात. घरातल्या प्रत्येकाला नावानिशी खातं द्या.

पत्ता बदलल्याचा एक परिणाम इथेही दिसतो. विंडोज पासवर्ड त्या पत्त्याच्या नावाने साठवतं. नावाने उघडलं तर एक नोंद, पत्त्याने उघडलं तर दुसरी. ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ मध्ये जाऊन सर्व्हरच्या जुन्या नोंदी काढून टाका, लॅपटॉप एकदा बंद-चालू करा आणि पक्क्या पत्त्याने नव्याने आत जा.

लाइनचा बंदोबस्त

वरचं सगळं केलं तरी धडाधड वीज जाणं डिस्कला चांगलं नाही. सगळ्यात आधी राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. घेताना तुमच्या डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. काही डबे ९ व्होल्टचेही असतात. राउटर बंदच पडला नाही तर क्रम बिघडायचा निम्मा प्रश्न उरत नाही.

सर्व्हर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा यूपीएस आणि नॉर्मल असा खटका बघा. नॉर्मलवर लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. यूपीएसवर तो टिकतो, पण त्या स्थितीत इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो. गावठाणाचा फीडर वेगळा नसेल तिथे शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की २३० चे १७० व्हायला वेळ लागत नाही. मग लाइन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर चालत राहतो आणि पहाटे बॅटरी संपली की सर्व्हर धाडकन बंद. ‘लाइन तर गेलीच नाही, मग सर्व्हर काऊन बंद पडला?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. अशा ठिकाणी सर्व्हरला यूएसबी तार असलेला छोटा संगणकाचा यूपीएस वेगळा घ्या आणि लिनक्सवर ‘नट’ हे सॉफ्टवेअर टाका, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर आपणहून नीट बंद होईल. मात्र तो परत आपोआप उठतो का हे तपासून घ्या. काही यूपीएस बॅटरी संपायच्या आधीच लाइन आली तर वीज तोडतच नाहीत, आणि बंद झालेला सर्व्हर तसाच बंद राहतो.

अर्थिंगही बघा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा. मृगाच्या आधीची वादळं सुरू झाली आणि वीज कडाडू लागली की यूपीएस वगैरे विसरा, सर्व्हर बंद करून प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढा.

आणि उष्णता. बऱ्याच पोर्टेबल डिस्क ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायच्या म्हणून बनवलेल्या असतात. आपल्याकडे बाहेर ४५ च्या पुढे जातं आणि टिनाखालच्या खोलीत हाल विचारू नका. डिस्क माळ्यावर ठेवू नका, खालच्या खोलीत भिंतीपासून चार बोटं सोडून उघडी ठेवा. कूलरच्या झोतातही नको, ती हवा ओली असते.

खरी परीक्षा

सगळं लावून झालं की कागदावर समाधान मानू नका, मेन स्विच पाडून बघा. त्याआधी महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि घरात कुणी काम करत नाही याची खात्री करा. यूपीएस लावला असेल तर या परीक्षेपुरतं राउटर आणि सर्व्हर दोन्ही सरळ भिंतीतल्या प्लगवर घ्या.

पहिल्यांदा दहा मिनिटं बंद ठेवून मेन चालू करा आणि पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. मग लॅपटॉपवरून पत्ता टाकून फोल्डर उघडा, एक फाईल टाका, मोबाईलवरून ती दिसते का बघा. दुसऱ्यांदा मेन पाडा, चालू करा आणि वीस सेकंदांत परत पाडून पुन्हा चालू करा, कारण आपल्याकडे लाइन येते तीही अशीच झटके देत. तिसऱ्यांदा राउटरचा प्लग काढून ठेवून फक्त सर्व्हर उठू द्या, आणि मागून राउटर लावा. चौथ्यांदा सर्व्हर नीट बंद करा, डिस्कची तार काढा आणि मग तो सुरू करा. या वेळी फोल्डर उघडता कामा नये. उघडलं आणि रिकामं दिसलं, तर सांबाला वाट बघायला लावणारी ती ओळ लागू झालेली नाही. ‘सिस्टमसीटीएल कॅट एसएमबीडी’ ने ती दिसते का बघा आणि फोल्डरच्या मार्गात एखादं अक्षर चुकलं आहे का ते तपासा. मग डिस्कची तार लावून सर्व्हर पुन्हा सुरू करा. चारही वेळा अपेक्षेप्रमाणे झालं की यूपीएस परत जोडा आणि चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख टाका; पुढे फायबरचा डबा, लॅपटॉप किंवा डिस्क यातलं काहीही बदललं की हीच परीक्षा पुन्हा घ्या.